निघून जाण्याचे स्वातंत्र्य : वर्धा, १९३३ ते १९५६

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पेशवाईतल्या एका मुत्सद्द्याविषयी वर्गात शिकवताना मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो, "गृहस्थ मोठा मानभावी होता." तास संपल्यावर आर्वी तालुक्यातला एक विद्यार्थी माझ्यापाशी आला. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "सर, आम्ही महानुभाव आहोत. तुम्ही मघाशी जो शब्द वापरला, तो आमच्यावरूनच आला ना?"

मी हो म्हणालो. दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हते. तो रागावला नव्हता. त्याने फक्त विचारले आणि सायकल काढून निघून गेला. मी मात्र इतिहासाचा प्राध्यापक असून इतकी वर्षे तो शब्द वापरत आलो होतो. तेराव्या शतकातल्या एका नव्या पंथाविषयी जुन्या समाजाने दिलेला निकाल मी विसाव्या शतकाच्या शेवटी, नकळत, पुन्हा वाचून दाखवला होता.

चक्रधरस्वामींचा पंथ हा त्या काळाच्या मानाने नवा धर्मविचारच होता. त्याने कर्मकांड नाकारले, इतर देवतांची उपासना नाकारली, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांना धक्का दिला आणि संस्कृत सोडून मराठीत धर्म सांगितला. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आकाराला आले. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पण मधल्या कित्येक शतकांत या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांचे लक्ष तिकडे गेले, तेव्हा कुठे मराठीला आपले आद्य गद्य हळूहळू हाती लागले. लिपी दडवावी लागणे आणि पंथाचे नाव ढोंगीपणाचा पर्याय होणे, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की नव्या श्रद्धेला जुन्या श्रद्धेच्या शेजारी राहण्याची काय किंमत पडते, ते कळते. त्यासाठी कायदा लागत नाही. शब्दकोश पुरतो.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर मी आमच्या वर्धा जिल्ह्याकडे या दृष्टीने पाहू लागलो. वर्धा म्हटले की सर्वधर्मसमभाव हा शब्द आपोआप ओठांवर येतो. तो खोटा नाही. पण त्या समभावात कोणते स्वातंत्र्य होते आणि कोणते नव्हते, हे तपासायला हवे असे मला वाटू लागले. हा लेख त्या तपासणीचा आहे.

सुरुवात एका ढोलापासून करतो. ऑक्टोबर १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. 'निप्पोनझान म्योहोजी' हा त्यांनी सुरू केलेला संघ तेव्हा पुरता वीस वर्षांचाही नव्हता. म्हणजे अगदी आजच्या अर्थाने ती एक नवी धार्मिक चळवळ होती. हातात पंख्यासारखा चपटा ढोल, त्यावर टिपरीचा ठेका आणि मुखाने सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र, एवढीच त्यांची साधना. या परंपरेचा मूळ पुरुष निचिरेन हा तेराव्या शतकातला, म्हणजे आपल्या चक्रधरांच्याच शतकातला. प्रस्थापित पंथांवर टीका केल्याबद्दल त्यालाही राजसत्तेने दोनदा हद्दपार केले होते. दोन बंडखोरांपैकी एकाची परंपरा रिद्धपूरला रुजली आणि दुसऱ्याची जपानहून निघून सातशे वर्षांनी वर्ध्याला पोचली, हा योगायोग मला फार आवडतो.

गांधीजींनी फुजींना 'गुरुजी' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पुढे त्यांचे शिष्य आश्रमात राहू लागले. पहाटे ढोल वाजवत आश्रमाला फेरी घालणारा जपानी भिक्षू हे सेवाग्रामचे रोजचे दृश्य होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच पोलीस येऊन त्या भिक्षूला घेऊन गेले. गांधीजींनी त्याच्या वागण्याबद्दल आदराने लिहिले. भिक्षू गेला, पण त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला. उपनिषदांतील श्लोक, कुराणातील आयत, पारशी प्रार्थना आणि भजन यांच्या रांगेत हा जपानी मंत्र बसला तो कायमचा.

त्याच वर्ध्यात जे. सी. कुमारप्पा होते. मगनवाडीत ग्रामोद्योगांचा संसार चालवणारा हा अर्थशास्त्रज्ञ श्रद्धेने ख्रिस्ती होता आणि येशूच्या शिकवणीवर लिहितही होता. ख्रिस्ती घराण्यातल्या राजकुमारी अमृत कौर सेवाग्रामला गांधीजींचे सचिवपद सांभाळत होत्या. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरले होते. त्यांनी आपल्या आयुष्याचा शेवट अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामलाच केला. गावात जमनालाल बजाजांनी आपले लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्येच अस्पृश्यांना खुले केले होते. एवढ्या लहान टापूत इतक्या वेगवेगळ्या श्रद्धा इतक्या सहज नांदल्याचे उदाहरण त्या काळात शोधावे लागेल.

तरीही या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. येथे प्रत्येकजण आपापली श्रद्धा घेऊन आला होता आणि तीच घेऊन राहत होता. कुमारप्पा ख्रिस्तीच राहिले, भिक्षू बौद्धच राहिला. सेवाग्रामने सर्वांना दिलेले स्वातंत्र्य हे आपल्या धर्मात राहण्याचे होते. तो धर्म सोडून निघून जाण्याच्या स्वातंत्र्याविषयी गांधीजींचे मत निराळे होते आणि त्यांनी ते लपवले नाही. आपल्या हाती कायदे करण्याची सत्ता असती तर धर्मांतराचा उद्योग आपण थांबवला असता, असे त्यांनी १९३५ सालीच म्हटले होते. त्यांचा तर्क साधा होता: सर्व धर्म खरे आहेत आणि सर्व अपुरेही आहेत, मग एकातून दुसऱ्यात जाण्याचे कारणच काय? आपल्या घराची डागडुजी करावी, घर बदलू नये.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला. गांधीजींची प्रतिक्रिया दोन दिवसांत आली. धर्म म्हणजे इच्छेनुसार बदलायचे घर किंवा अंगरखा नव्हे, असा तिचा आशय होता. १९३६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बाबासाहेब स्वतः वर्ध्याला आले आणि वालचंद हिराचंदांसोबत शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटले. गांधीजी त्या खेड्यात राहायला येऊन तेव्हा एक-दोन दिवसच झाले होते. भेटीतून काही निष्पन्न झाले नाही. महिनाअखेरीस मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची सविस्तर मांडणी केली. तिच्यात आध्यात्मिक कारणे होती, तशी ऐहिक कारणेही होती आणि ऐहिक कारणे सांगताना त्यांना मुळीच संकोच वाटला नाही. माणसाला माणूस म्हणून वागवले जावे ही इच्छा धर्म बदलायला पुरेशी का नसावी, हा त्यांचा प्रश्न होता.

शेगावच्या त्या भेटीत दोन स्वातंत्र्ये समोरासमोर बसली होती असे मला वाटते. एक राहण्याचे आणि दुसरे निघण्याचे. ज्याचे घर बरे आहे त्याला डागडुजीचा सल्ला पटतो. ज्याला घरात ओसरीच्या पुढे कधी येऊच दिले नाही, त्याला तो कसा पटावा?

स्वातंत्र्यानंतर हा वाद राज्यघटनेपर्यंत गेला. घटना समितीने धर्मस्वातंत्र्याचे कलम ६ डिसेंबर १९४८ रोजी मंजूर केले. 'प्रचार' हा शब्द ठेवावा की काढावा यावर बरीच झकाझकी झाली आणि शेवटी तो राहिला. चारच दिवसांनी, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. आपल्या पंचविसाव्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य आहे. 'बदलण्याचे' हा शब्द नाही. तो विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतोच, असे आपण समजून चालतो. पण जो शब्द लिहिलेला नसतो, त्याचा अर्थ पुढे कोणीतरी लावतो.

तो लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न आमच्याच प्रांतात झाला. त्या वेळी वर्धा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. रविशंकर शुक्लांच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. सदस्यांत घनश्यामसिंह गुप्त, सेठ गोविंददास, अहेरीचे कीर्तिमंतराव होते आणि एकच ख्रिस्ती सदस्य होते, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले प्राध्यापक एस. के. जॉर्ज.

या जॉर्जसाहेबांविषयी वर्ध्यात आज कोणी बोलत नाही. ते केरळचे सीरियन ख्रिस्ती. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात धर्मशास्त्र शिकवत असताना १९३२ साली सविनय कायदेभंगाला पाठिंबा देऊन त्यांनी ती नोकरी सोडली. गांधींचे जीवन हे ख्रिस्ती धर्माला दिलेले आव्हान आहे, असे मांडणारे त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये लंडनला निघाले. चर्चच्या लेखी ते परके झाले होते आणि हिंदू समाजात ते ख्रिस्ती होते. म्हणजे समितीत अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी म्हणून जो माणूस बसला, तो आपल्या समाजातही एकटाच होता. चर्चने त्यांना आपला प्रतिनिधी मानले नाही, यात नवल नाही.

समितीने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, चौदा जिल्हे पाहिले आणि ११,३६० लोकांशी संपर्क साधल्याची नोंद केली. कॅथलिकांनी आधी सहकार्य केले, नंतर ते काढून घेतले आणि उच्च न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९५६ रोजी अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला. समितीपुढे आलेल्या सगळ्या तक्रारी काल्पनिक होत्या असे मी म्हणणार नाही. उपाशी माणसाला कर्ज, शाळा आणि औषध देणाऱ्या हाताची इच्छा मोडता येत नाही, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही समजते. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या रोग्याला धर्म सांगू नये, ही अपेक्षाही रास्त आहे. पण शिफारशी तिथे थांबल्या नाहीत. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, गैरमार्गाने होणाऱ्या धर्मांतरावर निर्बंध घालावेत व लागल्यास कायदा करावा, धर्मप्रचाराचे साहित्य सरकारी मंजुरीशिवाय वाटू देऊ नये, प्रचाराचा हक्क फक्त नागरिकांपुरता असल्याचे घटनेतच स्पष्ट करावे, अशा त्या होत्या. भारतीय ख्रिस्त्यांनी परकीय पैशावर न विसंबता आपले एक स्वतंत्र चर्च उभारावे, असेही एक कलम होते. अहवालावर जॉर्ज यांची सही आहे. ती त्यांनी कोणत्या मनाने केली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. परकीय सत्तेच्या सावलीतून येशूला सोडवायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. ती सोडवणूक सरकारच्या हाती देताना आपण एक मालक काढून दुसरा नेमतो आहोत, असे त्यांना वाटले नसेल का?

आता १९५६ च्या ऑक्टोबरकडे येतो. चौदा तारखेला, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरला बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दिली. नागपूर वर्ध्यापासून रेल्वेने दोन तासांवर. आमच्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या वस्त्यांमधून माणसे पांढरे कपडे घालून गेली. आणि त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांमध्ये एक नाव होते डॉ. भवानीशंकर नियोगी यांचे.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पान पुन्हा पाहिले होते. ज्यांच्या नावाने धर्मांतरबंदीचा विचार देशात ओळखला जातो, त्या माणसाने अहवालाच्या वर्षीच स्वतः धर्म बदलला. यावर कोणी दांभिकपणाचा शिक्का मारील. मानभावी म्हणेल! मला तसे वाटत नाही. नियोगींच्या मनात फरक पक्का असावा: विचाराने केलेले धर्मांतर वेगळे आणि विकत घेतलेले वेगळे. शिवाय बौद्ध धर्म आपलाच, ख्रिस्ती परका, हीही रेघ होती. पंचविसाव्या अनुच्छेदाचे स्पष्टीकरणही काही बाबतींत शीख, जैन, बौद्धांना हिंदूंमध्येच मोजते. पण या दोन्ही रेघा हातात घेऊन पाहिल्या की त्या ठिसूळ निघतात. जॉर्ज ज्या केरळी ख्रिस्ती परंपरेतले, ती युरोपीय जहाजे येण्याआधी कित्येक शतके भारतात होती. आणि सेवाग्रामचा ढोल तर थेट जपानहून आला होता. मग परके कोण?

विकत घेतल्याचा प्रश्न आणखी अवघड आहे. निवृत्त मुख्य न्यायाधीश धर्म बदलतो तेव्हा तो विचाराने बदलतो हे आपण गृहीत धरतो. त्याच मंडपात बसलेल्या देवळी-पुलगावच्या शेतमजुराला मात्र तू हे का केलेस, तुला काय मिळाले, असे विचारायला आपल्याला काही वाटत नाही. खरे तर त्याला काय मिळाले याचे उत्तर कागदोपत्री आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंखेरीज इतर धर्मांच्या व्यक्तीला अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे दीक्षा घेणाऱ्याने शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरी यांवर पाणी सोडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राची दुरुस्ती व्हायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे! आमिषाच्या व्याख्येत बसणारे हे कुठले आमिष? उलट जुन्या धर्मात राहण्यासाठीच सरकार काही देत होते आणि निघाल्यास काढून घेत होते. तरीही लोक निघाले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले.

दीक्षेनंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना झाली. वर्धा मुंबई राज्यात आला आणि नियोगी समितीचे राज्य मागे राहिले. तिथे १९६८ साली 'धर्म स्वातंत्र्य' या नावाचा कायदा झाला. बळ, आमिष किंवा फसवणूक यांनी होणारे धर्मांतर गुन्हा ठरले आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हा कायदा वैध ठरवला. धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय मुख्य न्यायमूर्ती रे यांच्या पीठाने दिला.

या कायद्यात एक बारकावा होता, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'बळ' या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची आणि सामाजिक बहिष्काराची धमकी येत होती. उत्तम. पण ही धमकी देऊन कोणाला नव्या धर्मात आणले तरच तो गुन्हा होता. तीच धमकी देऊन कोणाला जुन्या धर्मात डांबून ठेवले, तर या कायद्याचे त्याकडे लक्ष नव्हते. निघणाऱ्याच्या वाटेवर पहारा होता, राहणाऱ्याच्या दारावरच्या कडीवर नव्हता. आणि खेड्यात तर कडीच जास्त चालते. पाणी बंद, मजुरी बंद, दुकानात उधारी बंद. हे सगळे धर्म सोडणाऱ्यांनी सोसले आहे.

महाराष्ट्राने या कडीकडे दोनदा पाहिले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संप्रदायाच्या स्वायत्ततेच्या नावाखाली तो रद्द केला. पुढे २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा झाला. बोहरा समाजातील सुधारकांचा अनुभव इथे लक्षात ठेवायला हवा. वाळीत टाकण्याचे हत्यार केवळ बहुसंख्याकांकडे असते असे नाही. काल ज्याने नवा मार्ग काढला, तो स्थिरावला की तोही आपल्या दाराला कडी लावतो. नव्या चळवळीतून बाहेर पडू पाहणाऱ्यालाही तेच संरक्षण हवे, जे तिच्यात जाऊ पाहणाऱ्याला हवे.

तेव्हा श्रद्धेच्या स्वातंत्र्याचे माझे मोजमाप आता साधे आहे. एखाद्या ठिकाणी किती धर्मांच्या प्रार्थना एका रांगेत म्हटल्या जातात, हे मी पाहतो. पण त्या रांगेतला एखादा उठून दुसरीकडे जाऊन बसला, तर बाकीचे त्याच्याशी कसे वागतात, हे आधी पाहतो. सेवाग्रामने पहिल्या गोष्टीत जगाला धडा दिला. दुसरी गोष्ट करून दाखवली ती तिथून पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या नागपूरने, आणि आमच्या जिल्ह्यातल्या हजारो निनावी माणसांनी.

त्या विद्यार्थ्याची नंतर कधी भेट झाली नाही. 'मानभावी' हा शब्द मी वर्गात पुन्हा वापरला नाही, एवढे खरे. पण त्याऐवजी दरवर्षी पेशवाईच्या आधी एक तास मी सकळ लिपीवर घेऊ लागलो. फळ्यावर चार अक्षरे काढायची आणि विचारायचे, कोणाला आपले पुस्तक असे का लिहावे लागले असेल? पहिली काही मिनिटे वर्ग गप्प असायचा. मग मागच्या बाकांवरून कोणीतरी बोलू लागायचे.